थियोफचा भाव

सात बाटल्या होत्या माझ्याकडे.
एकीत मुळ्यांचं पाणी, एकीत दूध,
एकीत काय ते मलाही सांगितलेलं नव्हतं.
बिरामच्या डोक्यावर क्रमानं ओतायच्या,
क्रम चुकला तर दोष माझा.
तेरा वर्षं हेच काम.
कायारच्या किनाऱ्यावर, एकाच होडीच्या सावलीत
आम्ही दोघं वाढलो.
तो पहलवान झाला, मी त्याचा बाटलीवाला.

लढतीच्या आदल्या रात्री अंगण भरलं.
दर्यावरचे आले, मासे धुरावणाऱ्या बायका आल्या.
"रात्री समुद्रात शहर उभं राहतं, बिराम,
परक्या जहाजांच्या दिव्यांचं.
त्यांना परवाने कोणी दिले, एवढंच विचार.
आम्ही ओरडलो तर वारा खातो,
तू शड्डू ठोकलास तर डाकारला ऐकू जातं."

कुंबाबाई शाळेत शिकवतात. त्या उठल्या.
"समोरच्याची पाठ मातीला लावता येते
म्हणून कायदा कळतो का?
आज तुमच्या बाजूनं बोलेल, तुम्ही नाचाल.
उद्या कोणी पैसे मोजून उलटं वदवून घेईल,
तेव्हाही नाचालच.
माझी पोरं पाढे पाठ करतात
ती माझे दंड बघून नव्हे."
कोणी हसलं नाही. मला पटलं.
मग कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला,
"शहाण्यांनी तरी कधी विचारलं, बाई?"
तेही पटलं.
माझं हे असं आहे,
म्हणून तर मी बाटल्या उचलतो.

बिराम गप्प. त्याची आई भात वाढत होती.
एका मोठ्या परातीत लाल भात,
कडेनं कोबी, गाजर, वांगं,
आणि मधोमध, जिथं थियोफ असायचा,
मोकळी जागा.
तिनं ती जागा झाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम. ढोल.
त्याच्या छातीवर मोबाइल कंपनीचं नाव,
पहिल्या रांगेत मंत्री, हातपंख्यानं वारा घेत.
रिवाज असा, की भिडण्याआधी
पहलवानानं आपली थोरवी आपणच गावी:
अमक्याला लोळवलं, तमक्याला अस्मान दाखवलं,
माझं पाऊल पडलं की वाळू अंग चोरते.
या बढाईला कुणाची कधी हरकत नसते.
स्वतःविषयी माणसानं
कितीही बोलावं.

त्यानं माइक घेतला. मी पाचवी बाटली ओतत होतो.
"मी बिराम, न्देये अस्तूचा मुलगा."
ढोल कडाडले.
"थियोफचा भाव काय आहे आज?"
ढोलवाल्याला वाटलं, नवी ओळ आहे.
त्यानं थाप दिली,
दुसरी देताना हात वरच राहिला.
"आईच्या परातीत सात महिने आला नाही.
कुणाला ठाऊक असेल तर सांगा."
त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही.
बाकी सगळ्यांनी पाहिलं.

माझ्या हातून सहावीच्या आधी
सातवी ओतली गेली.

चाळीस सेकंदांत तो चीत झाला.
कंपनीनं शर्ट परत मागितला नाही,
फक्त फोन उचलणं बंद केलं.
लोक म्हणाले, बोलला म्हणून हरला.
काही म्हणाले, हरला ते बरं,
जिंकला असता तर निवडणुकीला उभा राहिला असता.
तो आता सकाळी भावाच्या होडीवर जातो,
लाटेत होडी ढकलायला त्याचे खांदे उपयोगी पडतात.
सातव्या बाटलीचं
मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

दिवे आहेत तिथंच आहेत.
काल रात्री मोजले, एकोणीस.

परवा बाजारात कुंबाबाई दिसल्या.
टोपलीत कांदे, वर चार बारीक सार्डिन.
पलीकडच्या फळीवर बर्फात एकच थियोफ होता,
हॉटेलवाल्यासाठी राखून ठेवलेला.
त्यांनी बोट दाखवून भाव विचारला,
वर्गात विचारतात तसा, मोठ्यानं.
विकणारीनं तोंड उघडलं,
आणि आधी
आजूबाजूला पाहिलं.